घरी रुग्णसेवा देणाऱ्या ब्युरोंना सक्तीचे निकष हवेत का? (कोल्हापूर)

बेडसाइड_ट्यूटर
पक्षाघात झालेला किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेला रुग्ण लवकर घरी सोडतात आणि मग ब्युरोचा माणूस लागतोच. राजारामपुरीत काय, कसबा बावड्यात काय, सगळीकडे हेच. दवाखान्यांसाठी १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, २०२१ च्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली. पण तो कायदा रुग्ण ठेवून घेणाऱ्या जागेला लागू. ब्युरोकडे खाटच नसते, म्हणून तो सुटतो. दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद केली (कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर नुसतं कळवलं) की काम सुरू.

माझं म्हणणं, नळी, इंजेक्शन, सक्शन (यंत्रानं कफ ओढून काढणं) यातलं काहीही घरात होणार असेल तर तीन गोष्टी सक्तीच्या करा. पहिल्या ४८ तासांत नोंदणीकृत नर्सनं घरी येऊन तपासणं, लेखी केअर प्लॅन आणि दर १४ दिवसांनी मावशींच्या (रुग्णाजवळ राहणाऱ्या सहायक बायकांच्या) कामाची नर्सकडून पाहणी. अमेरिकेत मेडिकेअरचे (सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे घेणाऱ्या एजन्सींना हे बंधन आहे. तिथं सहायकाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यात किमान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम.

ब्युरो_चालक
तिथं पैसे मेडिकेअर देतं. इथं घरचे खिशातून देतात. चंदगडला किंवा गगनबावड्याला दर १४ दिवसांनी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली) सिस्टर पाठवायची तर तिचा अख्खा दिवस जातो, तो खर्च बिलातच चढणार. बिल वाढलं की घरचे ब्युरो सोडून ओळखीतल्या बाईला थेट कामावर ठेवतात. मग ना ओळखपत्राची तपासणी, ना सुट्टीच्या दिवशी बदली. कडक नियमानं रुग्ण जास्त उघडा पडेल. आणि आमची बहुतेक कामं अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं हीच. त्याला कशाला नर्स?

वॉर्ड_सिस्टर
दादा, भरवणं तोंडानं की राइल्स ट्यूबनं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीनं), हे आधी सांगा. सगळा फरक तिथं आहे. ट्यूबनं द्यायचं तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, नंतर निदान अर्धा तास तशीच. नाकपुडीपाशी ट्यूबवर केलेली खूण सरकली असेल तर फीड द्यायचंच नाही, टोक वर अन्ननलिकेत आलेलं असू शकतं. आधी आणि नंतर ३० मिली पाणी, आणि फीड सावकाश. रुग्ण झोपलाय म्हणून आडवाच ठेवून २०० मिली पेज सिरिंजनं ढकलली की ती उलटून फुफ्फुसात जाते. मग न्यूमोनिया. घरच्यांना वाटतं, थंडी बाधली!

कॅथेटरचंही (लघवीच्या नळीचंही) तेच. युरोबॅग (लघवी साठणारी पिशवी) गादीवर ठेवली की लघवी मागं फिरते, जमिनीला टेकली की तोटीला घाण लागते. ही कामं मावशी शिकू शकतात, पण कुणीतरी शिकवून, करून घेऊन, सही करायला हवी.

औषध_दुकान_महाद्वार
इन्सुलिनबद्दल मला जोरानं सांगायचं आहे. आपल्याकडे दोन ताकदी चालतात, मिलीला ४० युनिट आणि मिलीला १००. चाळीसला लाल टोपीची सिरिंज, शंभरला नारंगी. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘२० युनिट’ लिहिलेलं असतं. शंभरचं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं की अर्धा मिली येतं, म्हणजे ५० युनिट. उलट झालं, चाळीसच्या बाटलीतून नारंगीनं २० भरलं, तर जेमतेम ८. पहिल्यात साखर उतरून रुग्ण बेशुद्ध, दुसऱ्यात साखर चढत राहते आणि डॉक्टर डोस वाढवतात. चूक बहुतेक बदलीच्या दिवशी होते, कारण नव्या माणसाला हाताला येईल ती सिरिंज मिळते. चार्टवर ताकद, टोपीचा रंग आणि युनिट तिन्ही लिहिणं सक्तीचं करा. याला खर्च शून्य.

ब्युरो_चालक
हे मान्य. असे निकष मलाही हवेत. कामाप्रमाणे पायऱ्या करा: नुसती सोबत आणि स्वच्छता असेल तर प्रशिक्षण पुरे, नळी-इंजेक्शन असेल तर नर्सची देखरेख. लांबच्या तालुक्यात एक भेट प्रत्यक्ष, पुढची व्हिडिओ कॉलवर चालू द्या. सरसकट नियमाला माझा विरोध कायम आहे.

वॉर्ड_सिस्टर
व्हिडिओवर बेडसोर (पडून राहून होणारी जखम) कळत नाही. माकडहाडावरची लाली बोटानं दाबून बघावी लागते. दाबल्यावर पांढरी पडली नाही तर जखम सुरू झालीय. एअर बेडखाली तळवा घालून बघायचं, हाड हाताला लागलं तर गादीत हवा कमी आहे. कॅमेरा हे करणार नाही.

पूररेषा_शाहूपुरी
एक कलम कुणीच घेतलं नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वीज गेली होती. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) आणि सक्शन विजेवर चालतात. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर, मिनिटाला २ लिटरनं जेमतेम १२ तास. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आलं की इशारा, ४३ ला धोका. विजेवरचा रुग्ण ३९ लाच हलवायचा, कुठं आणि कुणी, हे केअर प्लॅनमध्ये पहिल्याच दिवशी लिहिलेलं हवं. सक्शनला पायानं चालणारा पंप घरात हवा.

ग्राहक_वकील
नवा कायदा येईपर्यंत २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, पैसे घेऊन दिलेली सेवा त्यात येते. अडचण पुराव्याची. किती वाजता कूस बदलली, किती फीड दिलं, हे लिहिलेलंच नसेल तर ग्राहक आयोगापुढं काय ठेवणार? म्हणून करारातच घाला: चार्ट रोजचा, घरच्यांच्या ताब्यात, आणि सिस्टरचा नर्सिंग कौन्सिल नोंदणी क्रमांक वैधतेच्या तारखेसह.

ब्युरो_चालक
चार्ट घरच्यांच्या ताब्यात द्यायला माझी हरकत नाही. पण तपासणी कोण करणार ते ठरवा. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग म्हणाल, कागल-गडहिंग्लजला कोण?

बेडसाइड_ट्यूटर
तिथं तालुका आरोग्य अधिकारी. आणि तपासणी ब्युरोच्या ऑफिसात नको, रुग्णाच्या खाटेपाशी व्हावी. फाइल बघण्याआधी ट्यूबची खूण आणि माकडहाड बघावं.