अनुभव सांगा: बेडरूम आणि तिला लागून बाथरूम, आखणी कशी केलीत?

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचं जुनं रो-हाऊस आहे. आईला आता जिना चढवत नाही, म्हणून खालची 12 बाय 14 ची खोली तिची बेडरूम करायची आणि मागच्या वॉश एरियात, 4 बाय 8 फुटांत, बाथरूम काढायची असं ठरलंय. आराखडा तीनदा बदलला. दरवेळी आई कागद बघते आणि एकच विचारते, "रात्री उठले तर दिव्याचं बटण कुठं?" ते कुठल्याच आराखड्यात नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी काय जमलं, काय फसलं ते मापांसकट लिहा. गुळगुळीत फोटो खूप बघून झाले.

पाथर्डी फाट्यावरून

ताई, सगळ्यात आधी दार बघा. आमच्या बाथरूमचं दार आत उघडायचं. सगळ्यांकडे तसंच असतं, म्हणून कधी मनातही आलं नाही. दोन वर्षांपूर्वी सासरे पहाटे आत पाय घसरून पडले, ते नेमके दाराला लागून. कडी लावलेली नव्हती, तरी दार उघडेना. ढकलावं तर त्यांच्याच अंगावर जोर जायचा, आणि आतून त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. शेवटी मुलगा मागच्या पाईपांच्या डक्टमधून गेला, व्हेंटिलेटरच्या काचा काढून आत उतरला. पंचवीस मिनिटं गेली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालतात.

नंतर चौकट तीन फुटी केली आणि दार बाहेर उघडणारं केलं. कडी अशी लावली की बाहेरून नाणं घालून फिरवता येते. पण बाहेर उघडणारं दार बेडरूमची जागा खातं, हे आधी धरा. आमचा पलंग त्यासाठी सरकवावा लागला आणि बाजूचं टेबल गेलं. आणि एक: म्हातारी माणसं तोल गेला की टॉवेलच्या दांडीला धरतात. ती दांडी माणसाचं वजन पेलत नाही. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्के बोल्ट घेतलेला स्टीलचा हातदांडा हवाच.

गंगापूर रोडवरून

आम्ही खडू घेतला आणि रिकाम्या खोलीच्या फरशीवर सगळं खऱ्या मापानं काढलं. पलंग 6 बाय सव्वासहा, कपाट 2 फूट खोल, कपाटाचे उघडे पल्ले, बाथरूमच्या दाराचा अर्धगोल. मग त्या रेघांमधून चाललो. कागदावर पलंग आणि कपाटामध्ये अडीच फूट होते, छान वाटत होते. पल्ला उघडल्यावर मात्र उभं राहायलाच जागा नव्हती. कपाटाला सरकते पल्ले केले, बाथरूमचं दार दीड फूट बाजूला घेतलं. हे भिंत उठायच्या आधी कळलं, म्हणून एक पैसाही वाया गेला नाही.

नाशिक रोडहून

मी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे, तिथं वापरतो तीच मापं लिहितो. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे संडास-बाथरूम एकत्र असेल तर किमान 2.8 चौरस मीटर जागा आणि 1.2 मीटर रुंदी लागते. तुमची 4 बाय 8 जेमतेम बसते, आणि तीही टाईल लावायच्या आधीची असेल तर आणखी आवळेल. कमोड लांब भिंतीला पाठ करून बसवू नका. समोर दीड-पावणेदोन फूटच उरतात, वॉकर वळत नाही. दार लांब भिंतीच्या मधोमध घ्या, एका टोकाला कमोड, दुसऱ्या टोकाला अंघोळ, दारासमोर छोटं बेसिन. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून 18 इंचांवर ठेवा, म्हणजे हातदांडा हाताशी येतो.

फरशीचा ढाळ पूर्ण अंघोळीच्या टोकाकडे, 8 फुटांत इंचभर. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, त्याच कोपऱ्यात. मग कमोडकडची बाजू कोरडी राहते. वॉटरप्रूफिंग झालं की टाईलच्या आधी 48 तास पाणी भरून ठेवा. तळमजला आहे, खाली कुणाचं छत नाही, म्हणून गवंडी हे टाळतात. पण ओल बेडरूमच्या भिंतीत चढते आणि पहिल्या पावसाळ्यात रंग सुटतो. अंघोळीच्या बाजूला भिंतीवर 6 फुटांपर्यंत कोटिंग घ्या. आणि आजच मागच्या सांडपाण्याच्या चेंबरची लेव्हल मोजा, म्हणजे त्याचा पाईप जमिनीपासून किती खाली आहे ते. सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

पंचवटीतून

आमच्या वाड्यात न्हाणीघर चौकापलीकडे होतं. जानेवारीच्या थंडीत आजी पहाटे शाल गुंडाळून चौक ओलांडायची, ते अजून डोळ्यांपुढे आहे. फ्लॅट घेताना म्हणूनच बाथरूम खोलीला लागून आणि पश्चिमेच्या भिंतीवर मागितली. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन आणि पावसाची झड तीच सोसते, खोली निवांत राहते, बाथरूमही लवकर वाळते.

कॉलेज रोडवरून

पलंगाची डोक्याची बाजू आणि फ्लशची टाकी एकाच भिंतीला नको. आमची तशी आहे, रोज रात्री झोप मोडते.

सातपूरहून

आईंच्या प्रश्नासाठी: बाथरूमच्या दिव्याला टू-वे बटण घ्या, एक दाराबाहेर, एक पलंगाशी. वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर मंद दिवा. गीझरला 16 अँपियरचा पॉइंट, त्याचं बटण बाहेर, आणि त्या लाइनला 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. ओल्या हातांच्या जागी यात काटकसर करू नये.

इंदिरानगरहून पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी खडूनं खोली आखली. आई वॉकर घेऊन पलंगापासून कमोडपर्यंत तीनदा चालली. दोनदा पलंगाच्या कोपऱ्याला अडली, म्हणून पलंग आडवा फिरवला. मग तिला पलंगावर आडवं व्हायला सांगितलं, डोळे मिटून हात लांब करायला लावला, आणि हात भिंतीला टेकला तिथं पेन्सिलीनं खूण केली. टू-वे बटण तिथंच बसेल.

चेंबरचा पाईप बाथरूमच्या जमिनीपासून फक्त 8 इंच खाली निघाला. जमीन उचलली तर दारात पायरी येते, ती आईला नको. त्यामुळे पी ट्रॅपचा, म्हणजे ज्याचा पाईप खाली न जाता मागे निघतो असा, कमोड घेऊन पाईप भिंतीतून थेट मागे काढायचा विचार आहे. कुणी असं केलं असेल तर लवकर लिहा, सोमवारी फोडकाम सुरू होतंय.