'नॅरेटिव्ह': खोटं म्हणायची हिंमत नाही म्हणून?

हिशेब_चुकता (धागाकर्ता)
२०२४ च्या लोकसभा निकालानंतर 'फेक नॅरेटिव्ह' मराठीत मुक्कामालाच आला. महाराष्ट्रात महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या आणि भाजपचे नेते सांगू लागले, संविधान बदलणार हा विरोधकांचा फेक नॅरेटिव्ह होता. आता सगळ्याच पक्षांच्या तोंडी तो आहे. 'खोटं बोलताय' म्हटलं की पुरावा द्यावा लागतो, यात लागत नाही. आवई, कंडी, हूल, बनाव हे शब्द काय वाईट होते?

दुसरी_बाजू
नाही पटलं. आवई साफ खोटी असते. नॅरेटिव्हमधली एकेक गोष्ट खरी असू शकते. तुमचंच उदाहरण घ्या. '४०० पार' ही घोषणा खरी. संविधानात बदल करायला ४०० हून जास्त जागा हव्यात, असं भाजपचे तेव्हाचे खासदार अनंतकुमार हेगडे मार्च २०२४ मध्ये बोलले, तेही खरं. पक्षाने ते त्यांचं वैयक्तिक मत म्हणून हात झटकले, हेसुद्धा खरं. यातलं काय पुढे करायचं, काय गाळायचं, कशाला काय जोडायचं, तिथे नॅरेटिव्ह घडतो. 'कंडी पिकवली' यात हे कुठे मावतं?

हिशेब_चुकता
मग दोन्ही बाजूंचे नॅरेटिव्हच की! 'फेक' कुठून आलं? जोडणी कुठे चुकली ते दाखवा ना.

खडू_फळा
साहित्याच्या वर्गात हा शब्द गरीब आहे हो. कोण सांगतंय, कुठून सुरू करतंय, काय राखून ठेवतंय, एवढंच. आम्ही 'निवेदन' शिकवतो, पण वर्गाबाहेर निवेदन म्हणजे मोर्चाने तहसीलदाराला द्यायचा कागद.
अमेरिकेत गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मकथनाच्या नावातच 'नॅरेटिव्ह' आहे. इतकं अस्खलित बोलणारा माणूस गुलाम होता यावर लोकांचा विश्वास बसेना. म्हणून त्यांनी गावं आणि मालकांची नावं छापली. पळालेल्या गुलामाला हे परवडणारं नव्हतं, मालक पुन्हा पकडून नेईल ही भीती; म्हणून पुढे काही काळ ते ब्रिटन-आयर्लंडात राहिले.

चहा_बिनसाखर
तो नॅरेटिव्ह की ते नॅरेटिव्ह, हे आधी ठरवा. एकाच बातमीत दोन्ही वाचलंय.

हिशेब_चुकता
डग्लस यांनी नावं छापली. आमचे पुढारी बाइट देऊन गाडीत बसतात.

दुसरी_बाजू
पुरावा मागायला माझी ना नाही, पण शब्द हद्दपार कशाला? हेगडेंचं वाक्य घोषणेला जोडणं रास्त होतं का, यावर भांडता येतं. 'आवई' म्हटलंत की हेगडे बोललेच नाहीत असं होतं.