मदत हवी आहे: ८ मार्चचं भाषण, पण वक्त्या मुलीचं नाव-गाव कुठेही येता कामा नये

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

पुण्यात आमच्या खालच्या मजल्यावर एक अफगाण मुलगी भाड्याने राहते. मूळची हेरातची. २०१९ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर बी.ए.ला आली. शेवटच्या वर्षाला असताना, १५ ऑगस्ट २०२१ ला, काबूल पडलं आणि परतीची वाट बंद झाली. मग दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नोंदणी, ओळखपत्र, मुदतवाढीच्या खेपा. (भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्या कार्डाला कुठे किती मान मिळेल हे समोरच्या खिडकीवर अवलंबून.) अर्ज, दाखल, हजर, मुदत हे आपले शब्द तिला शिकवावे लागले नाहीत, तिच्या दरी भाषेत (अफगाणिस्तानातली फारसी) तेच आहेत. "खालाजान, मला मराठी फक्त सरकारी कचेरीतली येते," म्हणते.

एम.ए. झालं. आता रोज पहाटे साडेपाचला मोबाईलवरून हेरात-काबूलच्या चौदा मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवते. तिकडे तेव्हा साडेचार वाजलेले असतात, घरातले पुरुष उठायच्या आत तास उरकतो. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तालिबानने देशभरचं इंटरनेटच तोडलं, तेव्हा दोन दिवस जिन्यात बसून होती. धाकटी बहीण सुईणीचा कोर्स करत होती. मुलींना विद्यापीठं डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली तरी ती एक फट उरली होती, डिसेंबर २०२४ मध्ये तीही बुजवली.

आता मूळ मुद्दा. आमच्या महिला मंडळाने तिला ८ मार्चला बोलवायचं ठरवलं. अध्यक्षबाईंना हवी आहे 'करुण कहाणी', वर पेपरात फोटो. ती म्हणाली, रडवायला बोलवत असाल तर येत नाही. तिला बोलायचंय कायद्यावर. अफगाणिस्तानने २००३ मध्ये स्त्रियांवरच्या भेदभावाविरुद्धचा सीडॉ करार मान्य केला होता. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या सर्वोच्च नेत्यावर आणि सरन्यायाधीशावर स्त्रियांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढलं. जे चाललंय त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदासारखा स्वतंत्र गुन्हा म्हणावं ही तिकडच्या बायकांची मागणी. हे सगळं ती इतकं मुद्देसूद सांगते की मला, तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला, वहीत टिपून घ्यावं लागलं.

तिचा आदर्श सकीना याकूबी, त्याही हेरातच्याच. अमेरिकेत शिकून पेशावरच्या निर्वासित छावण्यांत परतल्या, १९९५ मध्ये संस्था काढली आणि पहिल्या तालिबानी राजवटीत घराघरांत चोरून शाळा चालवल्या. हिचं म्हणणं, आधी वर्ग, मग भाषण. वर्ग चालू आहे, आता भाषण.

पण आई-वडील आणि बहीण अजून हेरातमध्येच आहेत. ऑगस्ट २०२४ च्या तिथल्या कायद्यात बाईचा आवाज सार्वजनिक जागी ऐकू येणंसुद्धा निषिद्ध आहे, आणि इथे आमच्या मंडळातल्या दहाजणी पहिल्या मिनिटाला फेसबुक लाईव्ह सुरू करणार!

जाणकारांनी सांगा: सभागृहात मोबाईल बाहेर ठेवायला लावणं पुण्यात कोणी यशस्वी करून दाखवलंय का? की तिचा मजकूर दुसरीने वाचावा आणि तिने प्रेक्षकांत बसावं? हा पर्याय मला पटतो, तिला मुळीच नाही. "इथेही माझा आवाज दुसरीच काढणार का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं, तिला पुढे मानवाधिकार कायद्यात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय. पासपोर्टची मुदत संपत आलीय. निर्वासित कार्डावर परदेशी विद्यापीठात गेलेलं कोणी ओळखीत असेल, तर देश सोडायची परवानगी कशी मिळवली ते कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. "वकील गाठा" एवढंच लिहू नका. एक गाठला होता, त्याने फी घेतली आणि मलाच विचारलं, हेरात इराणात ना?

संपादन: तिच्या कॉलेजचं नाव विचारणाऱ्यांनो, मुद्दाम दिलेलं नाही. तिला विचारूनच हा धागा काढलाय, चौदा हा आकडासुद्धा तिने बदलून दिलाय.

निमंत्रणपत्रिका सोमवारी छापायला जायची आहे. प्रमुख वक्त्या या शब्दांपुढे काय लिहू?