फांग न्गा खाडीतल्या गुहांमधलं कयाकिंग: कोणती ट्रिप घ्यावी?

निळीशाई
नमस्कार मंडळी, जानेवारीत थायलंडमधल्या फुकेतला जातोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. फांग न्गाच्या खाडीत कयाकमधून गुहांच्या आत नेतात, ते व्हिडिओ बघून लेकीने हट्टच धरलाय. पण आमच्यापैकी कुणालाच वल्हवता येत नाही, सासूबाईंना पोहता येत नाही आणि बंद जागेत त्यांचा जीव घाबरा होतो, तरी मी येणारच म्हणतायत. एजंट सगळ्या ट्रिपा एकसारख्याच सांगतात, त्यातली चांगली ओळखायची कशी? सकाळची घ्यावी की संध्याकाळची?

उधाणवारा
वल्हवायचं टेन्शन घेऊच नका. तिथे मोठी बोट पनाक आणि हाँग बेटांपर्यंत नेते आणि तिथून हवा भरलेल्या कयाकमध्ये दोघं-तिघं बसतात, मागे गाईड वल्हवतो, आपण फक्त बसायचं. जानेवारी उत्तम, मे ते ऑक्टोबर तिकडे नैऋत्य मान्सून असतो.

खरी गोष्ट भरती-ओहोटीची आहे आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही. हे सगळे चुनखडीचे डोंगर आहेत, आतल्या गुहेचं छप्पर कोसळून मधे आकाश उघडं असलेलं तळं तयार झालंय, चारी बाजूंनी उभे कडे, खाली खारफुटी. आत जायची वाट म्हणजे कड्याच्या पोटातला अंधारा बोगदा. भरती पूर्ण आली की बोगद्याचं तोंड पाण्याखाली जातं, फार ओसरली की आत चिखल उरतो आणि कयाक टेकते. म्हणजे मधला थोडाच वेळ कामाचा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी भराभर चढतं-उतरतं आणि हा वेळ आणखी आखडतो, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, सगळं सावकाश होतं. लहान मूल आणि घाबरणारं माणूस सोबत असेल तर मी तरी भांगाचेच दिवस बघेन.

एजंटला एकच विचारा, आमच्या तारखेला गुहेत किती वाजता शिरणार? भरतीचं टेबल बघून वेळ सांगतो तो कामाचा. रोजची एकच ठरलेली वेळ सांगणाऱ्याला सोडून द्या. सकाळ की दुपार हेही त्यावरूनच ठरेल.

खारफुटी
वरच्या प्रतिसादाला +१. सासूबाईंबद्दल स्पष्ट लिहिते, कारण मला हे आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. काही ठिकाणी छत इतकं खाली येतं की कयाकमध्ये पाठीवर सपाट झोपावं लागतं, हात पोटावर, आणि नाकाच्या वर वीतभर अंतरावरून कालवांचे शिंपले चिकटलेला खडक सरकत जातो. वटवाघळांचा उग्र वास येतो, उजेड फक्त गाईडच्या टॉर्चचा. कधीकधी गाईड कयाकमधली थोडी हवा सोडतो, म्हणजे ती खाली बसते आणि पुढे निघते. मग एकदम बाहेर येता आणि डोक्यावर आकाश, समोर हिरवेगार कडे, तो क्षण खरंच विसरता येत नाही. पण ज्यांना लिफ्ट सोसत नाही त्यांना हे सोसेलच असं नाही. म्हणून बुक करतानाच विचारा की एखाद्याला मोठ्या बोटीवर थांबता येईल का, आणि आत न्यायचंच असेल तर आधी उंच छताच्या गुहेत न्या, तिथे त्या कशा आहेत ते बघून पुढचं ठरवा. लेकीसाठी तिच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का तेही विचारा, मोठ्यांचं जॅकेट मुलांच्या खांद्यावरून वर निघून येतं. आणि खडकाला हात लावू देऊ नका, ते शिंपले ब्लेडसारखे कापतात!

काठावरून
क्राबीजवळचं आओ थालेन पण बघा. उंच कड्यांमधली अरुंद वाट आणि खारफुटी, पण वर आकाश मोकळं. बंद गुहेची भीती असणाऱ्यांना मी हेच सुचवेन. फक्त तिथे बहुतेकदा स्वतः वल्हवायचं असतं, गाईड पुढे असतो. दोघांची कयाक घेतली तर नवशिक्यांनाही जमतं, पाणी शांत असतं.

रात्रपाळी
संध्याकाळची ट्रिप नक्की घ्या असं माझं मत! अंधार पडल्यावर गुहेत पाण्यात हात फिरवला की निळसर ठिणग्या उठतात, पाण्यातले सूक्ष्म जीव हलवले की चमकतात, लेक वेडी होईल. यासाठी चंद्र नसलेले दिवस चांगले.

उधाणवारा
@रात्रपाळी, मान्य, पण अमावस्येलाच उधाण असतं. मधला मार्ग म्हणजे वद्य अष्टमीच्या आसपास जा, चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि पाणीही भांगाचं.

निळीशाई
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार! वद्य अष्टमी बघूनच तारीख ठरवते. सासूबाईंना खारफुटीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्या म्हणाल्या उंच गुहेत येईन, झोपून जायचं तिथे बोटीवर थांबेन. अजून एक, कपडे-चपला काय? फोन न्यावा का?

खारफुटी
लवकर वाळणारे कपडे, मागे पट्टा असलेल्या सँडल, फोन गळ्यात अडकवायच्या वॉटरप्रूफ पाऊचमध्ये. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्या. आत माकडं असतात, खाऊ हातात ठेवू नका आणि त्यांना देऊही नका. नॅशनल पार्कची फी पैशांत धरलीय का वेगळी, हेही आधीच विचारून घ्या.