मिलिटरीची जुनी गाडी घेऊन रिस्टोअर करायचीये, शक्तिमान ट्रक की जोंगा जीप?

शेडमधला_मेकॅनिक (सातारा)
नमस्कार मंडळी. वडील एएससीत (लष्कराच्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये) ड्रायव्हर होते, अख्खी नोकरी शक्तिमानच्या स्टेअरिंगवर गेली, त्यामुळे हे खूळ लहानपणापासूनचं आहे. आता पत्र्याची शेड आहे, वेल्डिंग बऱ्यापैकी येतं, ट्रॅक्टरचं इंजिन घरीच खोलतो. एका भंगारवाल्याकडे शक्तिमान उभा आहे, फोर बाय फोर, केबिन धड आहे पण मागचा हौदा पार सडलाय आणि इंजिन जाम. किंमत वजनावर सांगतोय. कागद विचारले तर म्हणतो लिलावाची पावती आहे, पासिंग होऊन जाईल, एजंट आपलाच आहे. दुसरीकडे पंजाबातून एकाने जोंगाचे फोटो पाठवलेत, डिझेल इंजिन टाकलेली, दिसायला कडक. पैसे एकाच गाडीपुरते आहेत. कुणी केलंय का असलं काही? काय घेऊ?

लोखंड_प्रेमी
भाऊ, पावती म्हणजे कागद नव्हे, हे आधी डोक्यात घे. मिलिटरीतून निघालेली गाडी आरटीओत पहिल्यांदा पास करायची तर फॉर्म २१ मधलं ओरिजिनल विक्री प्रमाणपत्र लागतं, केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ४७ मध्ये एक्स-आर्मी गाड्यांसाठी तसं सरळ लिहिलेलं आहे. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात लॉट भंगार म्हणून सुटला असेल तर तुझ्या दारात लोखंड आलं, गाडी आलीच नाही. ‘एजंट आपलाच आहे’ म्हणणारे गाडी विकून झाली की फोन उचलत नाहीत.

आता कुणीतरी येऊन सांगेल की विंटेजमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या खास रजिस्ट्रेशनमध्ये टाक. तो २०२१ चा नियम नीट वाच. ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली आणि खाजगी वापराची दुचाकी नाहीतर प्रवासी चारचाकी, एवढ्यांनाच तो लागू आहे. ट्रक त्यात बसतच नाही, मग शक्तिमान १९५९ चा अगदी पहिल्या लॉटमधला असला तरी. २०,००० रुपये फी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, आणि एवढं करूनही गाडी रोज वापरायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामापुरतीच बाहेर काढायची. आणि तुझ्या त्या पंजाबी जोंगात डिझेल इंजिन बसवलंय म्हणजे मूळ स्वरूप गेलंच की.

माझं मत विचारशील तर ट्रक सोड. ओरिजिनल पेट्रोल जोंगा बघ, महाराष्ट्रात आधीच पास झालेली, आरसी चालू असलेली. लाख-दीड लाख जास्त गेले तरी जाऊ देत.

शेडमधला_मेकॅनिक (सातारा)
मनातलं बोललात पण जीव शक्तिमानवरच आहे हो. रस्त्यावर आणलाच नाही, फक्त शेतात फिरवला तर?

खाकी_डांगरी
शेतात उभा करून ठेवायला कोण अडवतंय, फिरवायचं म्हणशील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ बघ, रजिस्ट्रेशनशिवाय ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ चालवता येत नाही असे शब्द आहेत. शेतात कोण बघायला येतंय ते सोड, पण यात्रेला पोरं हौद्यात बसली आणि काही झालं तर इन्शुरन्स शून्य.

इंजिनचं म्हणशील तर जाम आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, जुनी डिझेल इंजिनं उभी राहून राहून धरतातच. नोझल काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून ओत, आठवडाभर तसंच राहू दे, मग फ्लायव्हीलला टॉमी (लोखंडी दांडा) लावून हळूहळू पुढं-मागं हलव. ट्रॅक्टरनं ओढून गिअरात चालू करायचं काम करू नकोस, रिंगा तुटतात आणि लायनरला चरे पडतात मग बस बोंबलत. टायर काढताना लॉक-रिंग (टायर चाकावर धरून ठेवणारी लोखंडी कडी) असली तर आधी व्हॉल्व्हची पिनच काढून हवा पूर्ण सोड, आणि भरताना चाकाला साखळी गुंडाळून बाजूला उभा राहा, समोर नाही. गंजलेली रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो, यात चेष्टा नाही.

घाटमाथा_फोरबायफोर
जोंगा पाळतोय म्हणून बोलतो. जबलपूरला १९६९ ते १९९९ बनली, मूळ निस्सान पेट्रोल (मॉडेलचं नाव, इंधनाचं नाही 😄), सहा सिलिंडर, ३९५६ सीसी. ताकद तुफान, पण ॲव्हरेज चार-पाच, ते आधी घरात सांगून ठेव. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना फ्युएल पंप तापला की पेट्रोलची वाफ होते आणि गाडी आचके देत बंद पडते. आम्ही पंपावर ओला फडका गुंडाळतो, बाटलीभर पाणी कायम सीटखाली, दहा मिनिटं थांबायचं आणि निघायचं.

डिझेल टाकलेल्या घेऊ नकोस. वजनदार इंजिनामुळे पुढचे पाटे बसतात, माउंटिंग कुणी कसं वेल्ड केलंय देव जाणे, आणि आरसीवर पेट्रोल लिहिलेलं असतं तो घोळ वेगळाच. स्पेअरसाठी पानागढ (बंगाल), मायापुरी (दिल्ली), मंडी डबवाली (हरियाणा) या बाजारांत माल निघतो, पण फोनवर पैसे टाकून मागवलं तर भलतंच येतं, त्यामुळे जुना पार्ट पिशवीत घालून स्वतः जा. धोनीने २०१९ मध्ये रांचीत जोंगा फिरवली तेव्हापासून विकणारे सगळे तिचंच नाव सांगून भाव वाढवतात, त्याला भुलू नकोस.

लोखंड_प्रेमी
वर राहिलंच, ऑलिव्ह ग्रीन रंग मारू नकोस. नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बाण असलेला तो मिलिटरी नंबर पण काढून टाक.

खाकी_डांगरी
रंगाचं पटतं पण नंबर मी डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात ठेवलाय, गाडीचा इतिहास आहे तो, बाहेरून कुणाला दिसत पण नाही.

शेडमधला_मेकॅनिक (सातारा)
बरं, शक्तिमानला रामराम. कोल्हापूरकडे एक पेट्रोल जोंगा सापडलीये, एमएच पासिंग, मालक रिटायर्ड सुभेदार. रविवारी बघायला जातोय, काय काय बघू?

घाटमाथा_फोरबायफोर
सगळ्यात आधी चेसिस नंबर. रॉकेलचा फडका आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन जा, रंग काढून अक्षरं उघडी कर. आजूबाजूचा पत्रा घासून खोलगट झालाय, किंवा एखादा आकडा तिरका आणि जास्त खोल बसलाय, तर चहा पिऊन परत ये. नंबर आरसीशी जुळला तर मगच बॉनेट उघड, आणि इंजिन मालकाला आधी गरम करून ठेवू नका म्हणून सांग, थंड स्टार्ट तुझ्यासमोर झाला पाहिजे. ट्रान्सफर केसचा (चारही चाकांना ताकद देणाऱ्या जादा गिअरबॉक्सचा) लिव्हर लो मध्ये पडतो का ते पण बघ. फोटो टाक इथे.