वाचनालयातील संगणकांवर लिनक्स घातले, पण अडले तर विचारायचे कोणाला आणि कसे?

प्रश्न – डिचोलीचे वाचनालय

सर्वांना नमस्कार. डिचोली तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाचे काम आम्ही काही जण हौसेने पाहतो. वाचनालयातील संगणक देणगीत मिळालेले आणि बरेच जुने आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुधारणा, संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेसाठीचा यंत्रातला भाग) लागते आणि आमच्या एकाही यंत्रात ते नाही. त्यामुळे सगळ्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली, तिच्यातील ‘मिंट’ची जुन्या यंत्रांना झेपणारी एक्सएफसीई आवृत्ती, घातली. कार्यालयातील एका संगणकावर मिंट २१ आधीपासूनच होते, त्याचेही २२ केले. वाचकांना ब्राउझर आणि लेखनाचा प्रोग्राम मिळाला की पुरते, त्यामुळे त्यांची काही तक्रार नाही. तक्रारी आमच्याच आहेत.

कार्यालयातील लेझर प्रिंटर अचानक छापेनासा झाला. छपाई पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसते, कागद मात्र हलत नाही. त्याच आठवड्यात विजा कडाडून दोनदा वीज गेली होती, त्यामुळे प्रिंटरच जळला असावा असे समितीचे मत झाले आहे. दुसरी अडचण मराठी टंकनाची. आमच्यातील एक काका इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकावर) सराईतपणे टंकन करतात, तर बाकीच्यांना इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवण्याची सवय आहे. एकाच यंत्रावर दोन्ही सोयी कशा ठेवाव्यात? शिवाय, गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या संहिता वाचनालयाने पूर्वी टंकून घेतल्या होत्या. त्या फायली आता उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता गोंधळ दिसतो.

हे सारे आम्ही एकदा एका इंग्रजी मंचावर एकत्र विचारले होते. तिथे उत्तर आले नाही. दुसरीकडे ‘यावर आधीच चर्चा झाली आहे, शोधा’ एवढेच सांगण्यात आले. जाणकार कोणी येऊन पाहू शकेल का? की मदत मागण्याची रीतच आमची चुकते आहे? दोन्ही बाजूंनी स्पष्ट लिहावे.

उत्तर – फोंड्याहून, मिंट वापरणारा

प्रिंटर कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा, हे तुमच्या सबंध प्रश्नात कुठेही नाही. हे दोष काढण्यासाठी लिहीत नाही. इंग्रजी मंचावर उत्तर का आले नसावे याचे निम्मे कारण मला यातच दिसते. उत्तर देणारा आपली नोकरी किंवा अभ्यास सांभाळून, फावल्या वेळात, एकही पैसा न घेता लिहीत असतो. प्रश्न वाचून त्याला चार शक्यता सुचतात, पण त्यांतली तुमची कोणती हे ठरवायला तुम्हालाच उलट विचारावे लागते. मग तो ज्याचे उत्तर लगेच देता येईल अशा पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्यातच तुम्ही तीन वेगळे विषय एका प्रश्नात घातलेत. प्रिंटरचा जाणकार फॉन्टविषयी वाचत बसत नाही आणि फॉन्टचा जाणकार शीर्षकात ‘प्रिंटर’ पाहून आत येतच नाही.

मिंटच्या मेनूत ‘सिस्टम रिपोर्ट्स’ नावाचा प्रोग्राम आहे. त्यातील ‘सिस्टम इन्फर्मेशन’ या भागात संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) आवृत्ती, वायफायची चिप आणि तिचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) अशी माहिती तयार मिळते, आणि ती मंचावर चिकटवण्यासाठी नकलून घेण्याचे बटणही तिथेच असते. टाकण्यापूर्वी एकदा डोळ्यांखालून घाला, कारण वापरकर्त्याचे नाव वगैरे खासगी काही त्यात राहून गेले नाही ना हे पाहणे आपले काम. त्याखाली आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले हे क्रमाने लिहावे. पडद्यावर संदेश आला असेल तर तो जसाच्या तसा द्यावा. ‘काहीतरी एरर येते’ असे लिहू नये. त्या एका ओळीवरून शोधयंत्रात नेमके उत्तर सापडते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

प्रिंटर जळला असे मानण्याची घाई करू नका. एकाच आठवड्यात वीजही गेली आणि प्रणालीही बदलली. त्यांतला दोषी कोणता हे ठरवायचे तर प्रिंटर दुसऱ्या एखाद्या संगणकाला जोडून पाहावा. तिथे छापला तर यंत्र धडधाकट आहे. लहान लेझर प्रिंटरांच्या काही जुन्या नमुन्यांत स्वतःचे फर्मवेअर (यंत्राला आतून चालवणारा प्रोग्राम) कायमचे साठवलेले नसते. प्रिंटर चालू केला की दर वेळी संगणकाने ते त्याला पाठवावे लागते. लिनक्सवर एचपीच्या प्रिंटरांसाठी एचपीलिप हा संच असतो आणि अशा काही नमुन्यांना त्यासोबत एक वेगळा पूरक भाग, म्हणजे प्लगइन, घालावा लागतो. हा पूरक भाग आणि मूळ संच यांची आवृत्ती एकच असावी लागते. मिंट २१ ते २२ या प्रवासात मूळ संच नवा होतो, पण आपण हाताने घातलेला पूरक भाग जुनाच राहतो. तुमचा प्रिंटर या वर्गातला असेल तर तो भाग पुन्हा उतरवून घ्यावा लागेल, त्यासाठी इंटरनेट हवे. कॅननच्या कॅप्ट पद्धतीच्या प्रिंटरांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा ड्रायव्हर मिंटमध्ये आधीपासून नसतो, तो स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. म्हणूनच पुन्हा सांगतो, नमुना क्रमांक आधी लिहा.

उत्तर – मडगावहून, डेबियन वापरणारा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त ‘कोणी येऊन पाहील का’ या प्रश्नाला त्यात बगल दिली गेली आहे. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. मडगावचा माणूस रविवारी सकाळी निघून डिचोलीला काम उरकून दुपारच्या जेवणाला घरी परतू शकतो, आणि मी स्वतः असा अनेक ठिकाणी गेलो आहे. पण या सोयीतच आपली अडचणही आहे. आपल्याकडे सगळी कामे ओळखीने होतात. कोणाचा तरी भाचा येतो, अर्ध्या तासात प्रिंटर सुरू करून देतो, चहा घेऊन निघून जातो, आणि त्याने नेमके काय केले हे वाचनालयात कोणालाच माहीत नसते. पुढच्या वर्षी तोच बिघाड पेडण्याच्या एखाद्या शाळेत होतो, तेव्हा तिथे दुसऱ्याच कोणाचा तरी भाचा शोधावा लागतो.

फोनवरच्या गटांचीही तीच गत आहे. तिथे उत्तर पटकन मिळते हे खरे, परंतु ते शोधयंत्राला दिसत नाही आणि आठवड्याभरात शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडले जाते. भारतातील कितीतरी हौशी गटांच्या चर्चा एके काळी याहू ग्रुप्सवर चालत. ती सेवा डिसेंबर २०२० मध्ये कायमची बंद झाली आणि ज्या गटांनी आपला मजकूर आधी उतरवून ठेवला नव्हता, त्यांचे बरेचसे लेखन नाहीसे झाले. शाळांसाठी जुने संगणक मिळवून त्यांवर लिनक्स घालण्याचे काम गोव्यात या शतकाच्या सुरुवातीलाच ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’मधून झाले होते. म्हणजे तुमच्यासारखे प्रश्न गोव्यात वीस वर्षांपूर्वीही कोणीतरी सोडवले असणार. त्यांची उत्तरे मराठीत लिहिलेली माझ्या तरी पाहण्यात आली नाहीत. तेव्हा बोलवा, जरूर येईन. मात्र माझी अट अशी की मी बाजूला बसेन आणि कळा तुमच्यापैकी कोणीतरी दाबाव्या, आणि जे केले ते त्याच संध्याकाळी इथे लिहून टाकावे.

जाता जाता, आपल्या आवडीचे सांगण्याचा मोह आवरत नाही: अशा कामाला मी मिंटऐवजी डेबियन हे लिनक्सचे दुसरे रूप निवडले असते. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली असून ते वर्षानुवर्षे शांतपणे चालते.

उत्तर – फोंड्याहून, मिंट वापरणारा

डेबियनविषयी आदर आहेच. मिंट ज्या उबुंटूवर उभे आहे त्याचा पायाही शेवटी डेबियनच. पण चालू असलेली यंत्रे यासाठी पुन्हा पुसायला लावू नयेत. माझे मत असे की नवख्या माणसाने आपल्याजवळचा मदतनीस लिनक्सचे जे वितरण (मिंट, डेबियन असे तयार रूप) रोज वापरतो तेच घ्यावे. बटण नेमके कुठे आहे हे त्याला फोनवरसुद्धा सांगता येते. मिंट २२ चा आधार २०२९ पर्यंत आहे, तेवढा काळ वाचनालयाला पुरेसा आहे.

उत्तर – म्हापशाहून, टंकन आणि मुद्रितशोधन करणारी

मी टंकन आणि फॉन्ट यांपुरतेच लिहिते.

मिंटच्या मेनूतून ‘इनपुट मेथड’ उघडा, तिथून आयबस (टंकनाच्या पद्धती सांभाळणारा प्रोग्राम) बसवून तेच निवडा आणि एकदा लॉग आउट करून परत या. त्यानंतर आयबसच्या सेटिंगमध्ये मराठीच्या एकाहून अधिक पद्धती जोडता येतात. इनस्क्रिप्टही ठेवा आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी आयट्रान्सही ठेवा. यादीत मराठीच दिसत नसेल तर एम१७एन नावाचा आयबसचा जोडभाग बसवायचा राहिला आहे असे समजावे. पद्धत बदलण्याची कळ एकदा ठरवली की काका आपल्या पद्धतीने लिहितील आणि बाकीचे आपल्या. ‘ऱ्य’ कसा काढायचा हे नवे लोक हमखास विचारतात म्हणून आधीच सांगते: इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ दाबले की ऱ मिळतो, मग ‘डी’ म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेषेच्या कळीवरचा य. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ हे शब्द असे लिहिले तरच शोधात सापडतात. दिसायला जवळपास तसेच पण वेगळ्या चिन्हांनी जुळवलेले शब्द सापडत नाहीत.

नाटकांच्या संहितांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे आणि त्यात लिनक्सचा काहीही दोष नाही. त्या फायली युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत रुळण्यापूर्वीच्या, फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फायलीत खरोखरच इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. तो फॉन्ट यंत्रात नसला की ती तशीच उघडी पडतात. फॉन्टचे नाव रायटर या लेखनाच्या प्रोग्राममध्ये अक्षरांवर क्लिक केल्यावर वरच्या पट्टीत दिसेल. तो फॉन्ट कायदेशीररीत्या तुमच्याकडे असेल तर लिनक्सवर बसवताच मजकूर वाचता येईल. नुसत्या छपाईसाठी तेवढे पुरे.

पुढे शोध, दुरुस्ती किंवा नव्या प्रयोगासाठी बदल करायचे असतील, तर मात्र युनिकोडमध्ये रूपांतर करावेच लागते. हे केवळ अक्षरामागे अक्षर बदलण्याचे काम नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकार जसा डोळ्यांना दिसतो तसाच व्यंजनाच्या आधी टंकलेला असतो, युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर साठवायचा असतो. रफाराचे नेमके उलट: जुन्या फायलीत तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. त्यामुळे प्रत्येक फॉन्टसाठी त्याच फॉन्टचा म्हणून बनवलेला परिवर्तकच (रूपांतर करणारा प्रोग्राम) वापरावा. आणि चांगल्या परिवर्तकानंतरही ‘मूर्ती’, ‘स्थिती’, ‘तऱ्हा’ असे शब्द मुद्दाम शोधून तपासावे, कारण इकार, रफार आणि ‘ऱ्’ याच जागी चुका राहतात.

आणखी एक. विंडोजवर मंगल फॉन्टमध्ये केलेल्या युनिकोड फायली लिनक्सवर व्यवस्थित उघडतात, परंतु मंगलऐवजी नोटो किंवा लोहित फॉन्ट वापरला जातो आणि अक्षरांची रुंदी वेगळी असल्याने पानांचा हिशेब बदलतो. निमंत्रणपत्रिका दुसरीकडे छापायला द्यायची असेल तर पीडीएफ करूनच द्यावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – डिचोलीचे वाचनालय

सर्वांचे मनापासून आभार. प्रिंटर शेजारच्या घरातील विंडोज संगणकाला जोडून पाहिला, तिथे व्यवस्थित छापला. मग फोंड्याच्या मित्रांनी लिहिल्याप्रमाणे तपासले, तर पूरक भाग मिंट २१ च्या वेळचा राहिला होता. प्रिंटर-व्यवस्थापकातून तो नव्याने उतरवून घेतल्यावर प्रिंटर बंद करून परत चालू केला, त्याने क्षणभर गुरगुर केली आणि अडकलेली सगळी पाने एकापाठोपाठ बाहेर आली. नवा प्रिंटर घेण्याचा समितीचा ठराव मागे घेतला आहे. यापुढे कोणालाही शोधता यावे म्हणून नमुना क्रमांक, संदेशाची ओळ आणि केलेली कृती मी स्वतंत्र प्रश्नोत्तर म्हणून टाकतो.

आयबसमध्ये दोन्ही पद्धती चालू झाल्या. आयट्रान्समध्ये ‘ळ’ साठी कॅपिटल एल दाबायचा हे शोधायला मात्र थोडा वेळ गेला. संहितांचा फॉन्ट कोणता ते पाहिले. बहुतेक फायली एकाच फॉन्टमध्ये आहेत, पण एका नाटकाचे दोन अंक दोन वेगळ्या फॉन्टमध्ये आहेत. अशा फायलीचे काय करावे?

उत्तर – म्हापशाहून, टंकन आणि मुद्रितशोधन करणारी

दोन टंकलेखकांनी काम वाटून घेतले असेल, जुन्या संहितांत हे नेहमी आढळते. मूळ फाईल आहे तशीच राखून तिची प्रत करावी आणि प्रतीत प्रत्येक अंक वेगळ्या फायलीत काढावा. त्यानंतर ज्याच्या त्याच्या परिवर्तकातून दोन्ही अंक स्वतंत्रपणे काढावेत आणि शेवटीच जोडावेत. पात्रांची नावे ठळक करण्यासाठी तिसराच फॉन्ट वापरलेला नाही ना, हेही पाहावे. तसे असेल तर संवाद नीट रूपांतरित होतात आणि नावांचा मात्र चिखल होतो. एका अंकाचे पहिले पान मूळ फायलीसह इथे टाकलेत तर कोणता परिवर्तक लागेल ते पाहून सांगते. सबंध संहिता टाकू नका, नाटककाराची परवानगी लागेल.