बंदीचे दोन महिने काढायचेत, सायफाय-फँटसी सुचवा

बंदरावरचा (मालवण)

नमस्कार मंडळी. १ जूनला मासेमारीची बंदी लागली, ट्रॉलर वर ओढून झाला, आता जाळी सांधायचं काम सोडलं तर ३१ जुलैपर्यंत मी रिकामा. मोबाईलवर पिक्चर बघावा तर पाऊस सुरू झाला की लाईट कधी जाईल भरवसा नाही, म्हणून पुस्तकं पाहिजेत. सायन्स फिक्शन नाहीतर फँटसी. मराठी असेल तर उत्तमच, इंग्रजी पण चालेल पण बाजूला डिक्शनरी घेऊन बसायला लावणारं नको.

शाळेत असताना भा. रा. भागवतांचं हाताला लागेल ते सगळं वाचलंय, फास्टर फेणे झालंच, शिवाय ज्यूल व्हर्नची भाषांतरं. त्यातलं ते पाणबुडीवालं पुस्तक वाचनालयातून आणलेलं, त्याची शेवटची पानंच नव्हती, कुणी फाडलेली की वाळवीने खाल्लेली देव जाणे. त्यामुळे कॅप्टन नेमोचं पुढे काय झालं ते आज वय ४१ झालं तरी मला माहीत नाही. मग एकदम गेल्या पावसात भाच्याने डोकं खाल्लं म्हणून 'ड्यून' मागवलं. पार्सल आलं तेच भिजून, पानं फुगून पुस्तकाचा पाव झालेला. चुलीवरच्या माळ्यावर वाळवून वाचायला घेतलं तर चाळीस पानांत एवढी नावं आणि घराणी की कोण कुणाचा काका तेच लागेना. आणि सगळीकडे वाळू. सोडून दिलं. भाचा म्हणतो मामा तुम्हाला जमणार नाही. तर आता इज्जतीचा प्रश्न आहे.

कलमी_आंबा (रत्नागिरी)

दादा 'ड्यून'ने सुरुवात करणं म्हणजे पोहायला शिकायला भर जुलैत समुद्रात उडी मारण्यासारखं झालं. १९६५ चं पुस्तक आहे, मागे परिशिष्टं आणि शब्दांची यादी जोडलीय, म्हणजे लेखकालाच ठाऊक होतं की लोक अडकणार. भाच्यालाच विचारा त्याने पुस्तक वाचलंय का पिक्चर बघितलाय 😄

तुम्ही नारळीकरांपासून सुरू करा. आणि कादंबरी नको, कथा घ्या. 'यक्षांची देणगी' कुठल्याही बऱ्या वाचनालयात मिळेल. त्यातली 'उजव्या सोंडेचा गणपती' पहिली वाचा, क्रिकेट आवडत असेल तर जास्तच मजा. मग 'गंगाधरपंतांचे पानिपत' शोधा. इतिहासाचे प्राध्यापक मुंबईत उतरतात तर तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनी राज्य करतेय, कारण पानिपतावर विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेली. एवढंच. एक गोळी इकडची तिकडे आणि १७६१ नंतरचं सगळंच बदललं. मी ही गोष्ट कॉलेजात असताना एसटीत वाचली आणि हातखंब्याला उतरायचं ते पुढे पाली आली तरी कळलं नव्हतं.

आणि नारळीकर या प्रकाराकडे कसे आले तीच एक गोष्ट आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली. आणि पहिला नंबर आला.

शिफ्ट_संपली (लोटे)

नारळीकरांबद्दल आदर आहेच पण एक बोलू का, त्यांची माणसं मला कधी घरातली वाटली नाहीत, आयडिया जबरदस्त आणि पात्रं फळ्यावर काढल्यासारखी. (आता शिव्या पडणार.) माणसं पाहिजे असतील तर सुबोध जावडेकर वाचा. त्यांची 'आकांत' भोपाळ वायुकांडावर आहे, डिसेंबर १९८४. यान नाही, परग्रह नाही, त्यामुळे काही लोक याला सायफाय मानतच नाहीत, त्यांनी खुशाल न मानावं. मी केमिकल प्लांटमध्ये नोकरी करतो. ती वाचत असताना नाईट शिफ्टला गेलो आणि रोज समोरून जातो तो गेजचा काटा त्या रात्री तीनदा बघितला. तिसऱ्यांदा तर टॉर्च मारून. काही झालं नव्हतं, काटा होता तिथेच होता. पण पुस्तकाने असं काहीतरी करायला पाहिजे ना राव.

लक्ष्मण लोंढे पण बघा, 'दुसरा आइनस्टाइन'. आणि त्यांनी चिंतामणी देशमुखांबरोबर लिहिलेली 'देवांसि जिवे मारिले'. नुसत्या नावासाठी घेतली होती, पण आत पण माल आहे.

सुपारीची_बाग (दापोली)

मला आश्चर्य वाटतं की दर्यावर जाणारा माणूस पुस्तक विचारतोय आणि अर्थसीचं नाव अजून कुणी काढलं नाही! अर्सुला ले ग्विन, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८. सगळं जगच बेटांचं, वाळू नाही हो दादा, पाणीच पाणी 🙂 नायक गेड हा शेळ्या राखणारा पोरगा, जादू शिकायला जातो, तिथे गर्वाने एक भलतीच गोष्ट करून बसतो, आणि मग ते निस्तरायला लहानशा होडीतून निघतो. यातली जादू म्हणजे काठी फिरवली आणि ठिणग्या उडाल्या असली नाही. प्रत्येक वस्तूला एक खरं नाव असतं, ते ज्याला कळलं त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून लोक आपलं खरं नाव कुणाला सांगत नाहीत. माझ्या आजीकडे पण तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं, त्यामुळे मला हे समजावून द्यावं लागलं नाही.

त्यात शिडात वारा भरून देणारे जादूगार पण आहेत. पण मोठे जादूगार वारा-पावसाला सहज हात लावत नाहीत, कारण इथे पाऊस पाडला तर तिकडे कुठेतरी दुष्काळ पडेल. हे वाचून मी पुस्तक मिटून ओट्यावर येऊन बसले होते थोडा वेळ.

इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी, पुस्तक पण लहान. टॉल्किन मात्र आत्ता लगेच नको, 'हॉबिट' फार तर. त्याचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' म्हणजे तीन खंडांचं काम आहे, एका बंदीत संपणार नाही.

गजालवाला (वेंगुर्ला)

काय रे तुम्ही, फँटसी म्हटली की साहेबाचीच कित्याक? आपल्या घरात काय कमी आसा? अरे रात्रभर दशावतार बघ, संकासुर इलो की पोरां आवशीच्या पदरात शिरतत. आरवलीच्या वेतोबाक एवढी मोठी चपलां वाहतत ती कित्याक, तर तो रात्री फिरता आणि चपलां झिजतत. ह्याच्यापुढे तुमचो तो विझर्ड काय करतलो?

पुस्तकच होया तर खानोलकरांचा 'कोंडुरा' वाच. आपल्या वेंगुर्ल्याकडचो माणूस, आपलोच दर्या, आपलीच भुता. पण एक सांगतंय, रात्री एकटो वाचू नको. आणि ही सायफाय न्हय, फँटसी पण न्हय, काय आसा ता माका सांगूक येणा नाय.

बंदरावरचा (मालवण)

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांना थँक्यू. नारळीकर उद्याच आणतो, अर्थसी मागवतो (यावेळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवा म्हणून फोनच करणार). 'कोंडुरा' घरात आहे, वडिलांची प्रत, तिला बुरशीचा वास येतो म्हणून कपाटाच्या तळाला गेलेली. आणि गजालवाल्या, एकटो वाचू नको म्हणतंस, पण बंदीत घरात आम्ही नऊ माणसा आसव, एकटो गावतलंय खंय?

एक जुनी शंका. ते व्हर्नचं वीस हजार लीग समुद्राखाली, म्हणजे नक्की किती खोल? आमच्याकडे खोली वावात मोजतात, वीस-पंचवीस वावावर आमची जाळी. लहानपणापासून डोक्यात बसलंय की एवढं खोल कुठला समुद्र असेल.

सुपारीची_बाग (दापोली)

खोली नाहीच ती! अंतर आहे. पाण्याखालून केलेल्या प्रवासाची लांबी. व्हर्नची लीग म्हणजे चार किलोमीटर, वीस हजार लीग म्हणजे ८० हजार किलोमीटर. पृथ्वीला दोन फेऱ्या.

आणि तुमच्या त्या फाटलेल्या पानांबद्दल, ती असती तरी नेमोचं काय झालं ते तुम्हाला कळलं नसतं 🙂 शेवटी पाणबुडी नॉर्वेजवळच्या भोवऱ्यात सापडते, गोष्ट सांगणारा आणि त्याचे सोबती वाचतात, नेमो जगला की बुडाला ते व्हर्न सांगतच नाही. उत्तर आहे १८७५ च्या 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये. तिथे कळतं की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. शेवट सांगू का?

बंदरावरचा (मालवण)

नको ताई!! तीस वर्षं थांबलोय, आणखी पंधरा दिवस थांबतो. आपला माणूस होता म्हणजे. भाच्याला आत्ता उठवून सांगतो.